फेस आला म्हणजे मळ निघाला असं नसतं: सोफा कव्हरच्या त्या फॉरवर्डबद्दल

दिवाळी जवळ आली की सोफा धुवायचा एक फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर फिरायला लागतो, तुम्हालाही आला असेलच. त्यात थोडक्यात असं असतं की कुशनला चेन दिलीये म्हणजे कव्हर धुवायचंच आहे, सगळी कव्हरं काढा, उकळत्या पाण्यात बेकिंग सोडा, व्हिनेगर, मूठभर मीठ आणि जरासं ब्लीच टाकून रात्रभर भिजवा, सकाळी डबल पावडर घालून मशीनला लावा, कडक उन्हात वाळवा, सोफा नव्यासारखा! आणि हो, दहा जणांना पाठवा. गंमत म्हणजे यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी एका कापडाला नाहीतर कुठल्यातरी एका डागाला चालते, पण सगळं एकाच बादलीत घालून प्रत्येकाच्या सोफ्याला लावायचं म्हटलं की गडबड होते.

आधी ब्लीचचं बोलू कारण तिथे प्रश्न कापडाचा नाही, तुमच्या छातीचा आहे. घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, वर पाणी गरम आणि दार लावलेलं बाथरूम म्हणजे विचारूच नका. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, दम्याचा माणूस घरात असेल तर प्रकरण दवाखान्यात जाऊ शकतं. "जरासंच टाकलं" म्हणून सुटका नाही. आणि कापडाचं म्हणाल तर ब्लीच पांढऱ्या सुती कव्हरांपुरतं ठीक, रंगीत कव्हरावर त्याचे थेंब पडले तर तिथला रंग गेला तो गेला.

आता चेन. हे मात्र भल्याभल्यांना पटत नाही. सोफ्याच्या सीट कुशनला चेन असते ती बऱ्याचदा सोफावाल्याच्या सोयीसाठी, फोम आत घालता यावा आणि पुढे फोम बसला तर बदलता यावा म्हणून. कव्हर फोमवर घट्ट बसेल अशा मापानेच शिवलेलं असतं. आता हिशोब करा, आधी न आटवलेलं सुती कापड धुतल्यावर ३ टक्के जरी आटलं तरी ६० सेंमीच्या कुशनला जवळजवळ २ सेंमी कमी पडतात, मग एक जण फोम दाबून धरणार, दुसरा चेन ओढणार आणि शेवटी चेनचे दात निघणार. शिवाय सोफ्याच्या बऱ्याच कापडांना, खास करून शेनील (मखमलीसारखं मऊ, लवदार कापड) आणि जाडजूड विणीच्या कापडाला, उलट्या बाजूने एक पातळ रबरासारखा थर दिलेला असतो, तो गरम पाण्यात आणि मशीनच्या घुसळण्यात तडकतो, त्याचे तुकडे निघायला लागतात आणि मग कापड ढिलं पडतं. म्हणून कव्हर काढायच्या आधी आतल्या शिलाईत टॅग आहे का बघा. काही सोफ्यांवर इंग्रजी अक्षरं असतात, डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करा, एस म्हणजे पाणी नको, ड्रायक्लीनवाल्याचं सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालेल, आणि एक्स म्हणजे फक्त व्हॅक्यूम. इथे एक मेख आहे, डब्ल्यू म्हणजे मशीनमध्ये टाका असं नव्हे, मशीनची परवानगी टॅगवर वेगळी दिलेली असते. टॅगच नसेल तर मागच्या कोपऱ्यात ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग रुमालाला लागला तर ते कव्हर घरी धुवायच्या भानगडीत पडू नका. वर टाकायची जी वेगळी सुती कव्हरं किंवा छोट्या उशांचे अभ्रे असतात ते खुशाल धुवा, ते त्यासाठीच असतात. रेक्झिनला तर यातलं काहीच लागत नाही, ओलं फडकं आणि पाठोपाठ कोरडं फडकं, बास.

आता फॉरवर्डचा हिरो, सोडा आणि व्हिनेगर. फेस बघून लोकांना वाटतं मळ उकळून वर येतोय. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे राहतं ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक मीठ, जे काही मळ काढत नाही. साधं ५ टक्क्यांचं व्हिनेगर १०० मिली घेतलं तर त्यातलं सगळं आम्ल संपवायला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे दीड चमचाभर. फॉरवर्डमध्ये वाटीने सोडा सांगितलेला असतो! म्हणजे व्हिनेगर फुकट गेलं आणि उरलेला सोडा पाण्यात. हीच दोघं वेगवेगळी वापरली तर कामाची आहेत, तेवढं श्रेय देतो. न काढता येणाऱ्या कुशनला वास येत असेल तर कोरडा सोडा भुरभुरवा, तासाभराने नीट व्हॅक्यूम करा. आणि बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, धुतल्यावर कव्हरं कडक होत असतील तर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला, क्षार आणि पावडरचा उरलेला अंश सुटायला मदत होते. फक्त त्या दिवशी ब्लीच वापरलेलं नको, वर सांगितलंच.

उकळतं पाणी? अहो सोफ्यावर सांडतं काय ते बघा आधी. दूध, अंडं, पोराच्या गुडघ्याचं रक्त, हे सगळे प्रोटीनचे डाग, गरम पाणी पडलं की अंडं शिजावं तसे ते धाग्यात घट्ट बसतात, त्यांना गार पाणीच. तेलकट डागाला मात्र कोमट पाणी चांगलं, पण ताज्या डागावर आधी टाल्कम पावडर टाकून ठेवायची, तिने तेल ओढलं की झटकायची आणि मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर, कापसावर घेऊन टिपत टिपत, घासायचं नाही, नाहीतर एका रेघेचा ढग होतो (सॅनिटायझरही आधी कोपऱ्यात लावून बघायचं बरं का).

आणि हळद! मराठी घरातल्या सोफ्याचा खरा शत्रू तोच, कारण मॅच असली की वरणभात सोफ्यावरच जेवला जातो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, त्यामुळे साबण, डिटर्जंट किंवा तो सोडा लागला की पिवळ्याचा लालभडक डाग होतो आणि लोक घाबरून अजून साबण चोळतात. साध्या पाण्याने साबण काढा, तो परत पिवळा होतो, आणि मग फिकट रंगाचं कव्हर असेल तर डागाची बाजू वर करून उन्हात टाका. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, एकदोन उन्हांत डाग बराचसा उडतो. आपल्या आज्या हेच करायच्या. गडद कव्हर असेल तर जपून, डागाबरोबर कव्हरचाही रंग उडेल.

मिठाने रंग पक्का होतो, हे तर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. याला थोडा आधार आहे पण भलत्या जागी. सुती कापड रंगवताना मीठ खरंच वापरतात, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. १९५६ साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग आज सुती कापडात सर्रास असतात, त्यांना धाग्याशी पक्कं बांधतो तो अल्कली, मीठ नाही, आणि ते काम कारखान्यात रंगवतानाच होऊन जातं. धुताना मीठ टाकलं तर काही रंग त्या पाण्यात कमी सुटलेले दिसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं जमलं, पण पुढच्या साध्या पाण्यात परत तेच. नवीन मरून किंवा निळी कव्हरं पहिल्या दोनतीन वेळा वेगळी, गार पाण्यात धुवा, जास्तीचा रंग निघून जाऊ दे. मीठ आमटीत घाला.

रात्रभर भिजवण्याने सुटलेला मळ आणि रंग परत कापडावर बसतो, आणि चेनचा रनर लोखंडी असेल तर सकाळी गंजाचा ठिपका बोनस. अर्धा तास पुरे. डबल पावडरने डबल स्वच्छ होत नाही, ती पूर्ण निघत नाही, कापड चिकट राहतं आणि धूळ लवकर धरतं. मशीनला लावायचंच असेल तर कव्हर उलटं करून, चेन लावून, गार पाण्यात किंवा ३० अंशांवर, डेलिकेट मोडला. आणि सगळ्या सेटची कव्हरं एकाच वेळी धुवा, नाहीतर सहा महिन्यांनी एकाच सोफ्यावर तीन छटा दिसतात.

राहिलं ऊन. हळदीचा डाग सोडला तर रंगीत कव्हरं उलटी करून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ऊन खरं हवंय ते फोमला, कव्हर निघालेलंच आहे तर तासदोन तास गच्चीत उभा करून ठेवा, पण धुवू नका, फोमने पाणी पिलं की आतून वाळायला दिवस जातात आणि कुबट वास बसतो. कव्हर परत चढवताना चेनजवळची आणि कोपऱ्यातली जाड शिवण चिमटीत धरून बघा, बाकी कापड कडकडीत वाळलं तरी तिथे ओल राहते, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. थोडी जरी गार लागली तरी अजून एक दिवस दोरीवर राहू दे, पाहुणे चादर टाकून बसतील.