तीन बोटं

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक रील टाकलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा तो तरुण कॅप्टन, २०२२ मध्ये बंड करून सत्तेवर आलेला इब्राहिम त्राओरे. लाल टोपी, मागे जोरजोरात संगीत आणि खाली मराठीत ओळ : 'आपल्यालाही असाच फौजी पाहिजे, दहा वर्षं, बस्स!' अकरा जणांनी अंगठे दिले, त्यात माझे सख्खे दीर. मी तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा पुसलं. तिथे भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

मी चार वर्षं लागोसमध्ये काढलीत, २००४ ते २००८, नवऱ्याच्या नोकरीमुळे. नायजेरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो मूळचे लष्करातले इंजिनिअर. १९६५ मध्ये ते भारतात शिकायला आले होते. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचं लष्करी स्टाफ कॉलेज आणि मग आपल्या पुण्यात लष्करी अभियांत्रिकी. माझं माहेर दापोडीचं, ते लष्करी कॉलेज आहे तिथलंच. हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता! गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगितलं, "तुमचे राष्ट्राध्यक्ष आमच्या गावात शिकलेत."

तो हसला नाही. एक हात स्टिअरिंगवर ठेवून त्याने दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली. "मॅडम, आमच्या शेजारच्या गावात एवढ्याच इमारती उरल्या."

ते गाव म्हणजे ओडी, दक्षिण नायजेरियातल्या नायजर डेल्टातलं. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका टोळीने १२ पोलीस मारले. भयंकरच होतं ते, मान्य. पण उत्तर म्हणून सैन्य घुसलं आणि अख्खं गाव जाळलं. उरलं काय? बँक, चर्च आणि दवाखाना. ओबासांजो सत्तेवर येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. निवडून आले होते हो, बंड करून नाही! तरी हात गेला तो जुन्या सवयीकडेच.

आणि म्हणे शिस्त! ओबासांजो १९७५ च्या जानेवारीत मंत्री झाले, बांधकाम आणि गृहनिर्माण खात्याचे. मंत्र्याला तिथे तेव्हा 'कमिशनर' म्हणत. सरकार जनरल गोवॉन यांचं, म्हणजे लष्कराचंच. १९७६ मध्ये सत्ता नागरिकांकडे देऊ, असा शब्द गोवॉन यांनी दिला होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये तो शब्द त्यांनीच मागे घेतला. 'दहा वर्षं, बस्स' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. त्याच १९७५ मध्ये सिमेंट भरलेली शेकडो जहाजं लागोस बंदराबाहेर खोळंबली होती, कारण बंदराला झेपेल त्याच्या कितीतरी पट सिमेंट मागवून ठेवलं होतं. सगळ्यात मोठी ऑर्डर कुणाची? संरक्षण खात्याची! जुलैमध्ये गोवॉन परदेशात असताना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्यांना काढलं. नवे प्रमुख मुर्तला मोहम्मद १९७६ च्या फेब्रुवारीत भररस्त्यात गोळ्यांना बळी पडले आणि खुर्ची ओबासांजोंकडे आली. एका गणवेशाने दुसऱ्याला काढायचं, दुसऱ्याला तिसऱ्याने मारायचं. ही शिस्त?

बरं, १९७९ मध्ये त्यांनी निवडणूक घेऊन सत्ता खरोखर सोडली, हे कबूल करते. आफ्रिकेत तेव्हा असं कुणी फारसं करत नव्हतं. नंतर जनरल सानी अबाचाच्या लष्करी हुकूमशाहीत त्यांनी तुरुंगही भोगला, १९९५ ते १९९८. लष्करी राजवट म्हणजे काय, हे एका जनरलला कोठडीत कळलं. वाटलं असेल ना लोकांना, की हा माणूस शिकलाय?

पण मला ती तीन बोटं दिसतात. रील बघतानाही दिसली.

भाच्यावर मी खरं तर चिडलेली नाही. चोवीस वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षेची तारीख पुढे पुढे जातेय, खोलीचं भाडं चढतंय. कुणीतरी यावं आणि एका दमात सगळं साफ करावं, असं त्याला वाटतं. त्याच्या वयात मलाही वाटायचं. माझे वडील लष्करात सुभेदार होते, गणवेशाबद्दल मला कुणी शिकवू नये. रोज पहाटे स्वतः इस्त्री करायचे. पण 'आम्ही हुकूम घेणारी माणसं, देश चालवणं आमचं काम नाही' हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे. दीर, तुम्ही हे ऐकलंय त्यांच्या तोंडून, आमच्या ओसरीवर. तरी अंगठा?

२००६ मध्ये ओबासांजोंना तिसरी टर्म मिळावी म्हणून घटनादुरुस्तीचा घाट घातला गेला. १९७९ मध्ये खुर्ची सोडणारा हाच माणूस! १६ मे रोजी सिनेटने ती दुरुस्ती फेटाळली. मी गाडीतच होते. ड्रायव्हरने रेडिओचा आवाज इतका वाढवला की काचा थरथरल्या. शेजारच्या डॅनफोमधला, म्हणजे तिथल्या पिवळ्या मिनीबसमधला कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. आमचा माणूस मात्र गप्प. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मॅडम, आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला नाही म्हणालं."

पुढे २०१३ मध्ये पोर्ट हारकोर्टच्या न्यायालयाने ओडीच्या लोकांना भरपाई द्यायचा आदेश दिला. तोवर आम्ही पुण्याला परतलो होतो आणि त्या ड्रायव्हरचा नंबर लागत नव्हता. त्या संध्याकाळी मी दहा वेळा तरी फोन लावला असेल.