‘आम्हालाही गोवर झाला होता, काय झालं?’

गोवराच्या लसीबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. त्याचं सार असं : गोवर साधा आजार, पूर्वी सगळ्यांनाच व्हायचा; होऊन गेला की जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते; लस घेतलेल्यांनाही तो होतोच; रोग कमी झाला तो स्वच्छतेमुळे; आणि लसीने ऑटिझम नि वंध्यत्व येतं. यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणून तर तो इतका खपतो.

सगळ्यांनाच व्हायचा, हे खरं. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. पण सगळ्यांना व्हायचा म्हणून सगळे वाचायचे असं नाही. लस सर्वत्र पोहोचण्याआधी जगात गोवराने वर्षाला सुमारे २६ लाख बळी जात. ‘आम्हाला काही झालं नाही’ हे सांगायला अर्थातच वाचलेलेच उरले आहेत. आणि ही फार जुनी गोष्टही नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून उद्रेक पसरला, बालकं दगावली, केंद्राला पथक पाठवावं लागलं. कोविडच्या काळात कित्येक मुलांचे डोस राहून गेले होते.

‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’चा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा आहे. गोवर होऊन गेला की पुन्हा सहसा होत नाही, बरोबर. पण त्याची किंमत मजकुरात लिहिलेली नाही. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीची स्मृती साठवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवर होण्याआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) नाहीशी झालेली आढळली. २०१९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘गोवर येऊन गेल्यापासून पोर सारखं आजारी पडतंय’ असं घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, ते उगाच नाही. म्हणजे एका रोगाची प्रतिकारशक्ती कमवायची आणि बाकीच्यांची जमापुंजी घालवायची. शिवाय क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी जीवघेणा आजार होऊन वर येतो. तो बरा करणारं औषध आजही नाही.

आता ‘लस घेतलेल्यांनाही होतो’. होतो. दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात, शंभर टक्के नव्हे. सोपा हिशोब करू. समजा, एका वस्तीत १०० मुलं आहेत, ९८ जणांचे दोन्ही डोस झालेत, दोघांचा एकही नाही. गोवर आला आणि सगळ्यांपर्यंत पोहोचला. ती दोघं आजारी पडतील, आणि लस घेतलेल्यांपैकी साधारण तिघं. पाच रुग्णांत तीन लसवाले! मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. लस नसती तर त्याच वस्तीत ९० मुलं तापाने फणफणली असती, हा आकडा तो देत नाही.

स्वच्छतेचं श्रेय? हात धुतल्याने हगवण आटोक्यात येते, हवेतून पसरणारा गोवर नाही. अमेरिकेत १९६३ साली लस आली. १९६२ साली तिथे चार लाख ८१ हजार रुग्ण नोंदले गेले होते. १९६८ साली जेमतेम २२ हजार. सहा वर्षांत तिथले लोक एवढे स्वच्छ झाले असतील, तर कमालच म्हणायची.

ऑटिझमवर फार वेळ घालवत नाही. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १२ मुलांवर लेख लिहून लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला, २०१० साली तो लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध सापडला नाही.

वंध्यत्वाची अफवा मात्र गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी आपल्याकडे भरपूर फिरली. हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. ही लस गोवर आणि रुबेला (गोवरासारखंच पुरळ उठणारा दुसरा विषाणूजन्य आजार) या दोन्हींवर एकत्र देतात, आणि तिच्यातला रुबेलाचा भाग असतोच मुळी पुढच्या गर्भारपणांसाठी. सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ हृदयदोष, मोतीबिंदू, बहिरेपण घेऊन जन्मतं.

लस टोचल्यावर आठवडाभराने काही मुलांना ताप येतो, बारीक पुरळही उठतं. ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला ही लस देत नाहीत. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. वेळ टळली असेल तरी सरकारी लसीकरणात पाचव्या वर्षापर्यंत तो फुकट मिळतो. तुमच्या आशाताईंना विचारा, पुढचं सत्र कोणत्या वारी आहे ते त्या सांगतील.