चित्रं जंगम, विश्वस्त स्थावर

अभिनंदन! जिल्ह्याच्या कलासंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर अखेर तुमची वर्णी लागली. आता चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, ही धास्ती आधी मनातून काढून टाका. ज्याला कळतं त्याला आपण अभिरक्षक म्हणून ठेवलाय, अकरा महिन्यांच्या करारावर. त्याचंसुद्धा कुणी ऐकत नाही, तेव्हा कळण्या-न कळण्यानं फारसं बिघडत नाही.

पहिल्याच सभेत ‘संस्थेची उद्दिष्टं’ हा विषय निघेल. डगमगू नका. संग्रहालय म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना आयकॉम या जागतिक संघटनेच्याही नाकी नऊ आले होते. २०१९ साली क्योटोमध्ये वाद इतका वाढला की मतदानच पुढे ढकललं, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रागला एकदाची व्याख्या मंजूर झाली. नफ्यासाठी नाही, समाजाच्या सेवेसाठी, सर्वांना खुलं वगैरे. आपल्याकडे हे काम पोहे येईपर्यंत उरकतं. ‘कलेचा वारसा जतन करून भावी पिढ्यांपर्यंत पोहोचविणे’ एवढं फ्लेक्सवर छापा, शेजारी अध्यक्षांचा फोटो. सोमवारी सुट्टी, दुपारी एक ते दोन जेवण आणि वरचा मजला गेली काही वर्षं ‘कामानिमित्त बंद’, हे भावी पिढ्यांना दारावर आल्यावर कळेलच. खालच्या दालनात साड्यांचा सेल असेल तेव्हा मात्र रात्री नऊपर्यंत उघडं ठेवावं. सर्वांना खुलं म्हणजे हेच.

आता कारभार. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा एकदा तरी चाळून ठेवा. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची किंवा कुणाच्या नावे करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. चित्र स्थावर नव्हे, जंगम. म्हणून ते हिंडतं. आधी साहेबांच्या बंगल्यावर ‘तात्पुरतं’ जातं, साहेबांची बदली होते आणि नव्या साहेबांना ते भिंतीसकट मिळालंय असं वाटतं. आपल्याकडे मागे राहतो तो भिंतीवरचा स्वच्छ चौकोन. तिथे कॅलेंडर लावावं. विश्वस्ताचं याच्या उलट. मुदत संपली की नवीन मंडळाचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखल होतो, त्यावर कुणीतरी हरकत घेतं, तारखा पडत राहतात आणि तोवर आपण असतोच. हरकत घेणारा शक्यतो आपलाच माणूस असावा.

नोंदवहीबद्दल फार चौकशी करू नका. मी एकदा केली होती. एका पानावर होतं : ‘स्त्री, उभी. हातात फूल किंवा पत्र. चौकट चांगली.’ चित्रकाराचं नाव, माप, कुणी दिलं, कधी दिलं, काही नाही. अशा नोंदीचा फायदा तुमच्या लक्षात आला का? उद्या पडताळणी झाली तर कुठलीही उभी बाई दाखवता येते. ‘राजा रविवर्मा’ अशी पाटी असलेली आपली लक्ष्मीही अशीच आहे. ती रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली ओलिओग्राफ आहे, अशा प्रती तेव्हा घरोघरी देव्हाऱ्यात होत्या, असं अभिरक्षकानं लिहून दिलंय. ते पत्र फाइलला लावलं. पाटी भिंतीला आहे.

एखादा सभासद औंधचं उदाहरण देईल. लगेच चहा मागवा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं, रविवर्म्याची अस्सल चित्रं लावली, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्पसुद्धा त्या आडगावात आणून ठेवलं. इथवर ठीक होतं. पण १९३९ च्या जानेवारीत या गृहस्थांनी संस्थानाचा कारभारच प्रजेच्या हाती दिला! असा माणूस आपल्या मंडळावर कोरमपुरतासुद्धा नको. पुण्याच्या दिनकर केळकरांचंही तेच. उभ्या आयुष्यात जमवलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकली आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं. कविता लिहायचे, त्याही ‘अज्ञातवासी’ या नावानं. आपल्याकडे पाण्याच्या कूलरवरसुद्धा देणगीदाराचं नाव वडिलांच्या नावासकट आहे.

राहता राहिली जतनाची कटकट. कागदावरच्या चित्रावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये, असं हे संवर्धनवाले सांगतात. आपल्या दालनात उद्घाटनाच्या व्हिडिओ शूटिंगसाठी हॅलोजन लावले होते, ते चांगले निघाले म्हणून राहू दिले. त्यांच्या खाली एक जलरंगातलं चित्र आहे, विहिरीवरची बाई. लुगडं चहा सांडल्यासारख्या रंगाचं. आम्ही समजायचो, चित्रकाराची तशीच इच्छा असेल. गेल्या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी दिसली म्हणून अभिरक्षकानं ते चौकटीतून काढलं, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, उचलला आणि टेबलावर तसंच आमच्यासमोर ठेवलं. माउंटखाली इतकी वर्षं झाकली गेलेली बोटभर पट्टी होती. तिच्यात पदराचं टोक आलं होतं, आणि तेवढा पदर गर्द अंजिरी होता. काठ हिरवा. उरलेल्या चित्रात काठ आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

कुणीच काही बोललं नाही. शिपाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात तसाच उभा राहिला. मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “माउंट होता तसाच बसवा. पट्टी दिसली तर लोकांना फरक कळेल.”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला, फक्त सूचक-अनुमोदकांच्या जागा रिकाम्या राहिल्यात. अनुमोदक मी आहे. सूचक म्हणून तुमचं नाव घालायला हरकत नाही ना?