अग्निशमन दल कोणाच्या अखत्यारीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोल्हापूरच्या अग्निशमन दलावरील लेखात मी महापालिकेची पाठराखण केली आहे, आग विझवण्याची जबाबदारी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने सरकारने पालिकेच्या गळ्यात बांधली आणि आता दल थेट राज्याकडे सोपवावे, असे आपले म्हणणे आहे. पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. दुसरा मात्र इतिहासाला धरून नाही.

मुंबईत आग विझवण्याचे काम आधी पोलिसांकडे होते आणि १ एप्रिल १८८७ रोजी ते नगरपालिकेकडे आले. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे मुंबईचा कायदा इथे चालत नव्हता. १८५४ साली स्थापन झालेली आपली नगरपालिका दरबाराच्या छत्राखाली वाढली. संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. पुढे १५ डिसेंबर १९७२ रोजी महापालिका झाली, तेव्हा १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ आपल्याला लागू झाले आणि त्यात अग्निशमन दल राखणे हे पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांमध्ये मोडते. २००६ च्या कित्येक वर्षे आधी बंब पालिकेचाच होता. (आमच्या पेठेत अजूनही ‘अग्निशमन’ कोणी म्हणत नाही, ‘बंब आला’ असेच म्हणतात.) ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा उल्लेख आला खरा, परंतु तिथेही अधिकार सोपवायचे की नाही, हे राज्य विधिमंडळावर ठेवले आहे.

२००६ च्या कायद्याने बदलले ते वेगळेच. इमारतीतील आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आली आणि दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. आपला पहिला आक्षेप इथे नेमका लागू पडतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालेले केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, महापालिकेच्याच मालकीचे. आग कशाने लागली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अशा वास्तूत मालक महापालिका, तपासणारा तिचाच मुख्य अग्निशमन अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ आयुक्त. म्हणजे नोटीस काढायची तर हाताखालच्याने वरिष्ठांना. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता, त्यामुळे दलाबद्दल जाब विचारणारी स्थायी समितीही त्या वेळी नव्हती.

तरीही दल राज्याकडे देणे मला पटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गल्लीबोळ माहीत असलेल्या जवानांचे मोल आपण सर्वांनी पाहिले आहे. राज्याकडे द्यायचेच असेल, तर पालिकेच्या स्वतःच्या इमारतींची, म्हणजे नाट्यगृहे, मंडया आणि रुग्णालयांची तपासणी तेवढी द्यावी. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांना आयुक्तांचा मान राखण्याचे कारण नाही.

‘पालिकेचे नियंत्रण पुरेसे आहे’ हे लेखातील वाक्य मी आज काढून टाकले आहे.