चेरीचा बहर बघावा तर असा

वॉशिंग्टनला चेरीचा बहर बघायला निघालात? मग विमानाचं तिकीट सहा महिने आधीच काढा, आणि तेही पैसे परत न मिळणारं. बहराच्या दहाएक दिवस आधीपर्यंत तारीख नेमकी सांगता येत नाही, असं ही झाडं सांभाळणारी नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते, पण त्यांनी तुमचा रजेचा अर्ज कुठे पाहिलाय? ही झाडं १९९० साली १५ मार्चलाच फुलली होती आणि १९५८ साली त्यांनी लोकांना १८ एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवलं. साहेबांनी रजा मंजूर केलीय म्हटल्यावर यंदा नीट वागतील.

योशिनो जातीच्या ७० टक्के कळ्या उमलल्या की ऐन बहर आला असं धरतात. तुम्ही पोचाल तेव्हा कळ्या तरी हिरव्या असतील, नाहीतर आदल्या रात्रीच्या पावसानं पाकळ्या टायडल बेसिन या तळ्याच्या पाण्यावर तरंगत असतील. डगमगू नका. एकच फुललेली फांदी हेरा, अगदी जवळून फोटो काढा आणि खाली 'स्वर्ग!' लिहा.

शनिवारी भर दुपारी जा, आणि गाडी घेऊनच जा. मेट्रोच्या स्मिथसोनियन स्टेशनवरून चालत जाता येतं, पण मग पार्किंग शोधत घातलेल्या प्रदक्षिणांचं पुण्य कसं पदरी पडणार? तिसऱ्या फेरीला तळ्याकाठचं जेफरसन मेमोरियल हे स्मारक गाडीच्या काचेतूनच सगळ्या बाजूंनी बघून होतं.

झाडापाशी पोचलात की फांदी खाली ओढा, जरा हलवा, म्हणजे व्हिडिओत पाकळ्यांचा पाऊस पडतो. फुलं तोडायला कायद्यानं मनाई आहे, अर्थात इतरांना. १९१० मध्ये टोकियोहून आलेली पहिली २,००० झाडं कीड निघाल्यामुळे जाळावी लागली, मग १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० आली. १९३८ मध्ये याच जेफरसन मेमोरियलसाठी झाडं हलवायला निघाले, तेव्हा बायकांनी निषेध म्हणून साखळ्यांनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं होतं. तुम्हीही खोडाला घट्ट बिलगाच, फक्त मान जरा डावीकडे. फोटोत नाक सरळ येतं.

'स्टंपी' नावाचं पोकळ खोडाचं लाडकं झाडही शोधा. तळ्याच्या काठाच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी ते २०२४ मध्येच तोडलं, त्यामुळे शोधायला भरपूर वेळ लागेल.

निघताना रेंजरला 'चेरी खायला कधी मिळतील?' एवढं विचाराच. शोभेची झाडं आहेत, असं तो शांतपणे सांगेल. सकाळपासून तेच सांगतोय बिचारा.