पाच पूर्णांक एक दशांश

लासलगावच्या मार्केटमध्ये कांदासुद्धा नाव लावून लिलावाला उभा राहतो. उन्हाळ, लाल, गोल्टी. गोल्टी म्हटलं की आकार कळला, भावाचा अंदाज आला आणि भांडण कुठून सुरू करायचं तेही ठरलं. परदेशी निघालेल्या द्राक्षांच्या खोक्यावर तर वाण, वजन, प्रत सगळं छापलेलं. आणि याच जिल्ह्यात, गंगापूर रोडवरच्या कुठल्याही हॉलमध्ये, घरच्या सर्व्हरवरून ४० जीबीचा सिनेमा टीव्हीवर लावला की आवाजाच्या यादीत हे दिसतं:

इंग्लिश
इंग्लिश
यूएनडी
सराउंड ५.१
ट्रॅक ५ – डीफॉल्ट

मग रविवारी संध्याकाळी घरोघरी होतो तो संवाद.

"अरे, यातलं मराठी कुठलं?"

"तिसरं लावून बघ, आई."

"तिसऱ्यात एक बाई इंग्रजीत सांगतेय, तो दाराकडे जातो म्हणून. जातोय ते मला दिसतंय की!"

"मग चौथं लाव."

"चौथ्यात पाऊस छान पडतोय. माणसं नुसती तोंडं हलवतायत."

तोवर ताटातली खिचडी गार. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट लोकांपुढे आणला तो मूक होता, हे मला अशा वेळी फार दूरदृष्टीचं वाटतं. चॅनल शून्य, लेबलही शून्य.

गंमत म्हणजे मराठी पहिल्याच ओळीत होतं. वर ‘इंग्लिश’ लिहिलंय ना? ते कुणी लिहिलेलंच नाही. एमकेव्ही म्हणजे चित्र, आवाज सगळं एकत्र बांधणारी फाईल, आणि तिच्या नियमातच तसं आहे: ट्रॅकची भाषा नोंदवली नसेल, तर ती इंग्लिश समजावी. आपण जागा कोरी सोडायची आणि इंग्रजांनी ती घ्यायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. बरीच सॉफ्टवेअरं कोऱ्या जागी ‘यूएनडी’ टाकतात, म्हणजे भाषा अनिश्चित. घरातली पोरं त्याला ‘अंड’ म्हणतात. मराठीचा अधिकृत कोड आहे एम-ए-आर, तीन अक्षरं. तेवढी तीन भरली की सर्व्हरमधलं ‘आवडती भाषा मराठी’ हे सेटिंग पहिल्यांदाच कामाला लागतं. तोपर्यंत ते बिचारं मराठी शोधत असतं आणि घरात कुणी मराठी आहे असं त्याला दिसत नाही.

तिसऱ्या ओळीतली बाई म्हणजे दृष्टिहीनांसाठीचं वर्णन. फार उपयोगाची गोष्ट आहे, पण तसं लिहिलेलं हवं. पाचवी ओळ, जी आपोआप सुरू होते, ती दिग्दर्शकाची कॉमेंट्री. सिनेमा सुरू झाला की दोन तास एक गृहस्थ कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल बोलतात आणि आजोबांना वाटतं बातम्या चालू आहेत. कॉमेंट्री, दृष्टिहीनांसाठी, मूळ भाषा, अशा खुणा करायची सोय एमकेव्हीत आहे. करत कुणी नाही. ‘डीफॉल्ट’ ही खूण मात्र सापडेल त्या ट्रॅकवर मारलेली, लग्नात कुणाच्याही कपाळाला अक्षता लागाव्यात तशी.

आता चौथी ओळ, ‘सराउंड ५.१’. खरा दगाफटका इथे आहे. हा ट्रॅक कधीकाळी ५.१ होता. मग कुणीतरी जागा वाचवायला तो आवळून त्याचा दोन चॅनलचा, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या आवाजाचा, एएसी फॉरमॅट केला. आवाज बदलला, नाव तसंच राहिलं. ट्रॅकचं नाव ही साधी लिहिण्याची जागा आहे, आत काय आहे याच्याशी कुणी ते ताडून बघत नाही. पाटी ‘शुद्ध तुपातील’, कढईत पामतेल.

आणि माणसं नुसती तोंडं का हलवतात? ५.१ मध्ये सहा चॅनल असतात: डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक, ज्याला एलएफई म्हणतात. तो फक्त १२० हर्ट्झपर्यंतच बोलतो म्हणून त्याला ‘पॉइंट वन’, म्हणजे पूर्ण माणूस धरलेलं नाही. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलमध्ये. सहाचे दोन करताना हा मधला ३ डेसिबलनं उतरवून डाव्या-उजव्यात वाटतात, मागचा पाऊस-वारा त्यातच ओततात, एलएफई बहुधा टाकूनच देतात, आणि आवाज फाटू नये म्हणून सगळंच आणखी खाली आणतात. उरतो पाऊस. आई रिमोटनं आवाज २५ वर नेते, तेवढ्यात स्फोट होतो आणि खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर लिहू लागतात.

नावांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे एका पोराचं पाळण्यातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, रेशन कार्डावरचं वेगळं, आणि हाक मारायची ‘बाळ्या’. डॉल्बी डिजिटल प्लस या आवाजाच्या फॉरमॅटचं तेच. कुठे ईएसी-३, कुठे डीडीपी, कुठे डीडी प्लस, कुठे पूर्ण नाव. चारही एकच. पण त्यातला ‘ई’ किंवा ‘प्लस’ गळाला की ते साधं डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३, झालं. तो वेगळा इसम. तो टीव्हीपासून साउंडबारपर्यंतच्या जुन्या ऑप्टिकल वायरीतून जातो, प्लसवाला जात नाही. एका अधिकच्या चिन्हावर घरातली शांतता अवलंबून.

ॲटमॉसबद्दल तर लोक मिसळीसारखे भांडतात. आवाज डोक्यावरूनही फिरवणारा हा प्रकार २०१२ साली थिएटरात आला. ॲटमॉस हा स्वतंत्र कोडेक, म्हणजे आवाज आवळून साठवायची पद्धत, नाही, ती तर्री आहे. खाली उसळ लागतेच. ती उसळ एकतर डॉल्बी डिजिटल प्लस, नाहीतर डॉल्बीचाच, काहीही न गाळणारा ट्रूएचडी. पहिल्यात फाईल तपासली तर दिसतं ५.१, दुसऱ्यात बहुतेक वेळा ७.१, आणि दोन्हींवर ‘ॲटमॉस’ लिहिलेलं. दोन्ही बरोबर. नुसतं ‘ॲटमॉस’ लिहिणं म्हणजे हॉटेलच्या पाटीवर नुसतं ‘तर्री’ लिहिणं. कशावर घालणार ते सांगा. टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच साउंडबारकडे पाठवायची सोय म्हणजे एआरसी. साध्या एआरसीतून प्लसवाली उसळ तर्रीसकट जाते, ट्रूएचडीला तिची मोठी बहीण ईएआरसी लागते. ऑप्टिकलमधून दोन्ही नाहीत.

इथे काटकसरी माणूस फसतो. ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीच्या सोबतीला एक एसी-३ ट्रॅक असतो, सहसा ६४० केबीपीएसचा. हा डुप्लिकेट आहे असं समजून लोक उडवतात. अडीच तासांच्या सिनेमात त्यानं वाचतात ७२० एमबी, ४० जीबीतले. आणि ऑप्टिकलवर बसलेल्या साउंडबारच्या तोंडचा घास जातो. डॉल्बीचा प्रतिस्पर्धी डीटीएस, त्याच्या डीटीएस-एचडीच्या पोटात साधा डीटीएस असतो, तो निदान वेळ भागवतो. ट्रूएचडीच्या पोटात असं कुणी नसतं.

आणखी एक भूत म्हणजे ‘५.१’ आणि ‘५.१ साइड’. तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये एसी-३ आणि डीटीएसपुढे बहुधा ‘साइड’ येतं, एएसी आणि फ्लॅकपुढे नुसतं ५.१. मागच्या दोन स्पीकरांना एकानं ‘बाजूचे’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘पाठीमागचे’, एवढाच फरक. बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, पाठीमागे फक्त कॅलेंडर. हा शब्द टीव्हीच्या मेनूत येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मेनूत यावं काय? पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतं. पण नाशिककर विचारतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघा, कंबर, छाती. एका शब्दात कळतं की बघायला जायचं की दुकानातला माल वर चढवायचा. लेबल असं हवं. रिमोट धरणाऱ्याला तीनच गोष्टी ठरवायच्या असतात: माझी भाषा आहे का, किती चॅनल, आणि माझ्या साउंडबारला झेपेल का. म्हणून आधी भाषा, मग चॅनल, मग ओळखीच्या नावानं कोडेक. ‘मराठी ५.१ डॉल्बी डिजिटल प्लस’. भाषा पुढेच हवी, कारण टीव्हीच्या मेनूत लेबलची शेपटी कापली जाते. बिटरेट, सॅम्पल रेट, २४ बिट हे क्युसेक आहेत. ते माहितीच्या पानावर ठेवा.

हे हातानं मात्र लिहू नका. आपण नावात ‘मराठी ५.१’ लिहितो आणि सॉफ्टवेअर स्वतःचंही चिकटवतं, मग दिसतं ‘मराठी ५.१ – मराठी – ५.१’. निमंत्रण पत्रिकेवर मुलाचं नाव दोनदा. यंत्राला फाईलमधून वाचता येतं ते यंत्रानं लिहावं. त्याला कळत नाही तेवढंच, म्हणजे कॉमेंट्री, वर्णन, डब की मूळ, आपण लिहावं. जुनी नावं सरळ खोडावीत.

खोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आधी मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून खरोखर काय आहे ते बघायचं: फॉरमॅट, चॅनल, भाषा. मग एमकेव्ही टूलनिक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममधला, पाट्या बदलणारा हेडर एडिटर. ऑडिओ ट्रॅकवर क्लिक, नाव, भाषा, डीफॉल्टची खूण, सेव्ह. ४० जीबीची फाईल पुन्हा बांधली जात नाही, फक्त डोक्यावरची पाटी बदलते, त्यामुळे काम काही सेकंदांत. त्यानंतर सर्व्हरला ती फाईल पुन्हा वाचायला सांगायचं. हे विसरलं की मेनूत जुनंच दिसत राहतं आणि माणूस हेडर एडिटरला शिव्या घालतो.

एवढं करूनही लेबल फक्त आत काय आहे ते सांगतं, कानावर काय पडतंय ते नाही. सर्व्हरनं वाटेत बदलून पाठवलं, किंवा टीव्हीच्या ‘डिजिटल ऑडिओ आउट’मध्ये ‘पीसीएम’, म्हणजे टीव्हीनंच उलगडलेला आवाज, निवडलेलं असलं, की ऑप्टिकलमधून उत्तमातला उत्तम ५.१ दोन चॅनल होऊन बाहेर पडतो. मेनूत ५.१, स्पीकरात स्टीरिओ, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही. सॉफ्टवेअरनं दोन्ही शेजारी दाखवावं: ‘फाईलमध्ये ५.१, पाठवतोय स्टीरिओ’. तोवर साउंडबारच्या किंवा रिसीव्हरच्या तोंडावर जे उमटतं त्यावर विश्वास ठेवायचा. तिथे डॉल्बी यायला हवं आणि पीसीएम आलं, तर आधी टीव्हीचं सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ (म्हणजे आहे तसं पुढे पाठव) करून बघा. नवी वायर आणायला मेन रोडला नंतर जा.

एका फाईलवर जमलं की हुरूप येतो आणि माणूस तीनशे फायलींना एकाच आज्ञेत नावं द्यायला बसतो. इथे थोडं थांबा. फाईल बांधणारं एमकेव्ही मर्ज ट्रॅक शून्यापासून मोजतं. त्याचाच भाऊ, पाट्या बदलणारं एमकेव्ही प्रॉपएडिट, एकपासून मोजतं. एकाचा आकडा दुसऱ्याला दिला की आहेराची पाकिटं जशी एका नावानं सरकतात तसं होतं. चित्राच्या ट्रॅकला ‘मराठी’, मराठीला ‘इंग्लिश’, इंग्लिशला ‘दृष्टिहीनांसाठी’, आणि डीफॉल्ट पुन्हा लेन्सबद्दल बोलणारे गृहस्थ.