बेडरूमच्या टच पॅनेलबद्दल, एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही लिहिलंय की 'नेट नसलं तरी चालतं' असं सांगून आम्ही दिवे-पंखे चालवायचं पॅनेल बसवलं, आणि रात्री लाइट जाऊन आल्यावर त्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. सासरे वीस मिनिटं अंधारात पलंगावर बसून होते. आमच्या माणसाने फोनवर 'नेट आलं की होईल' एवढंच सांगितलं. पॅनेल म्हणून बसवलेला टॅब सात महिन्यांत फुगून फ्रेममधून बाहेर आला. यातली एकही गोष्ट खोटी नाही. सगळ्यात आधी तुमच्या सासऱ्यांची माफी मागतो. रात्री उठलेल्या माणसाला स्वतःच्या खोलीतला दिवा लावता येऊ नये, याला कुठलंही कारण पुरत नाही.

शनिवारी मी स्वतः येऊन गेलो, तेव्हा जे सापडलं ते इथे सगळ्यांसमोर लिहितो. त्या रात्री नेट चालूच होतं. पॅनेल चालू होतं, आणि पॅनेलचे हुकूम दिवे-पंख्यांपर्यंत पोचवणारा टीव्हीमागचा हबही चालू होता. फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक नंबर देतो, आणि पॅनेल हबला त्या नंबरावर शोधतं. लाइट गेली तेव्हा राउटर बंद पडला आणि कोणाला कोणता नंबर दिला होता ते विसरला. लाइट आल्यावर तुमचा टीव्ही लगेच जागा झाला; हब म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, त्याला उठायला वेळ लागतो. तोवर हबचा जुना नंबर टीव्हीला गेला होता. पॅनेल रात्रभर टीव्हीचं दार वाजवत बसलं. हबचा नंबर राउटरमध्ये कायमचा राखून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम, ते आमच्याकडून राहिलं. फोनवरच्या आमच्या माणसाने कारण न शोधता नेटवर ढकललं, ती दुसरी चूक. त्याला सोबत घेऊन आलो होतो, त्याच्याच हाताने नंबर राखून घेतला. राउटर आणि हबला छोटा यूपीएसही लावला आहे.

टॅबचं म्हणाल तर तो साधा अँड्रॉइड टॅब होता, बॅटरीवाला. भिंतीत खाच करून बंद जागेत बसवला आणि चोवीस तास चार्जिंगला ठेवला. लिथियम बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि वर बंदिस्त उष्णता, अशात ती लवकर खराब होते, आत गॅस धरतो आणि फुगते. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. टॅबचे पूर्ण पैसे परत करतोय. त्या जागी बिनबॅटरीचं पॅनेल बसवलंय. त्याला वीज आणि डेटा दोन्ही एकाच लॅन केबलमधून मिळतात, म्हणजे आता ते वायफायवरही अवलंबून नाही. हे वाचणाऱ्या कोणाच्या भिंतीवर असा टॅब असेल आणि काच कडेने उचलली गेली असेल, तर कृपया तो दाबून बसवू नका. चार्जर काढा, टॅब बाजूला ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

एका शब्दाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. 'लोकल', म्हणजे नेटशिवाय घरातल्या घरात चालणारं, 'म्हणून फसवलं' असं तुम्ही लिहिलंय, ते मला मान्य नाही. आम्ही हबवर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर वापरतो, ते यासाठीच की त्याचं डोकं घरातच असतं. फायबरची वायर काढा, पॅनेलवरून दिवे-पंखे तसेच चालतील. शनिवारी तुमच्यासमोर वायर काढून दाखवलं. तुमच्याकडे बोलून दिवा लावायचा तर नेट लागतं, कारण तो आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो. पण 'लोकल' म्हणताना घरातला राउटर तरी जिवंत लागेल, हे आम्ही कधी नीट सांगितलं नाही. तेवढा दोष आमचा.

खरं सांगायचं तर मला टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. इंटिरियरच्या ड्रॉइंगमध्ये त्या भिंतीवर फक्त पॅनेल होतं, स्विचबोर्ड काढून टाकला होता. मी तेव्हा एकदा बोललो, 'चांगलं दिसतं' असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं. बोर्डात साधं बटण असतं, तर हब मेला असता तरी दिवा लागला असता, कारण दिवा प्रत्यक्ष चालू-बंद करणारा आमचा रिले मॉड्यूल बटणाचं थेट ऐकतो. आता पलंगाशेजारी हाताला येईल असा दोन बटणांचा बोर्ड बसवतोय, भिंत फोडण्यापासून रंगापर्यंत आमच्या खर्चाने. यापुढे बटण काढायला सांगितलं तर ते काम आम्ही घेणार नाही.

शनिवारी आणखी एक पाहिलं, जे तुम्ही लिहिलं नव्हतं. सासरे पॅनेल नखाच्या टोकाने दाबत होते. या काचेला बोटाची कातडी कळते, नख कळत नाही. त्यांना वाटत होतं आपल्यालाच जमत नाही. वर बटणं बारीक आणि नावं इंग्रजीत. आता पहिल्या पानावर सहाच मोठी बटणं आहेत: दिवा, पंखा, रात्रीचा दिवा, देवघर, बाथरूम, सगळं बंद. त्यांनी बोटाच्या पेराने 'देवघर' दाबलं, पलीकडे दिवा लागला, आणि मग त्यांनी तो चार वेळा चालू-बंद केला.

बोर्डाचं काम बुधवारी संपेल. गुरुवारी देखभालीसाठी महावितरणची लाइट गेलीच तर उत्तम, नाही तर मी संध्याकाळी सात वाजता येऊन मेन पाडतो आणि परत चढवतो. त्यानंतर पॅनेल आणि बटण दोन्ही सासऱ्यांनीच चालवून बघावं. स्टार तुम्ही त्यानंतर ठरवा, बदलले नाहीत तरी काम पूर्ण होईल.